दातांतले जन्मजात दोष आणि बिघडलेली बाईट: पालकांचे आणि पेशंटचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दातात दोष असणं आणि बाईट बिघडलेली असणं, हे एकच ना?

नाही. दोष हा त्या-त्या दाताचा असतो. दात मुळात तयारच झालेला नसणं, एखादा जास्तीचा असणं, आकारानं बारीक किंवा फार मोठा असणं, दोन दात जोडलेले असणं, भलत्याच जागी उगवणं, एनॅमल कच्चं असणं, हे सगळे दोष. बाईट म्हणजे दाढा मिटल्यावर वरची ओळ खालच्या ओळीवर कशी बसते ते.

बाईटची जी वर्गवारी आजही चालते ती एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये मांडली. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला तर क्लास वन. खालची दाढ त्यापेक्षा मागे राहिली तर क्लास टू, पुढे गेली तर क्लास थ्री. क्लास टूचे पुन्हा दोन प्रकार आहेत. डिव्हिजन वनमध्ये वरचे दात पुढे येतात. डिव्हिजन टूमध्ये मधले पटाशीचे दात उलट आत झुकतात आणि खालच्या दातांना जवळजवळ झाकून टाकतात. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग दोषामुळे बाईट बिघडते, की बाईट बिघडल्यामुळे दोष येतो?

बहुतेकांना एका वाक्यात उत्तर हवं असतं, पण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

पहिली सरळ आहे: जागेची. एक दात कमी असला की शेजारचे त्या जागेत कलतात, समोरच्या ओळीतला दात खाली उतरतो, मधली रेष सरकते. जास्तीचा दात असला की उलट, तो बाकीच्यांना ढकलतो किंवा त्यांची वाट अडवतो. इथे दोष कारण आणि बाईट परिणाम, हे डोळ्यांनी दिसतं.

दुसरी आनुवंशिकतेची. दाताची कळी आणि जबड्याचं हाड गर्भात तयार होताना काही जनुकं दोन्हीकडे काम करतात. एमएसएक्स-१, पॅक्स-९, ॲक्सिन-२, डब्ल्यूएनटी-१०ए ही दात कमी असण्याशी जोडलेली त्यातली ओळखीची नावं. अशा वेळी दोष आणि बाईट ही एकाच मुळाची दोन फळं असतात. एक दुरुस्त केल्यानं दुसरं आपोआप सुधारत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे निव्वळ योगायोग. दोन्ही प्रकार समाजात इतके सर्रास आहेत की एकाच तोंडात ते कधीकधी भेटणारच.

संशोधनाबद्दलही एक इशारा. यातले बरेचसे अभ्यास तार लावायला आलेल्या पेशंटवर झालेले आहेत. ज्याचं काहीतरी बिघडलंय तोच ऑर्थोडोंटिस्टकडे येतो, त्यामुळे तिथे दोषांचं प्रमाण गावभरच्या मुलांपेक्षा जास्तच दिसणार. ‘अमुक टक्के मुलांमध्ये संबंध सापडला’ असं कुठे वाचलंत तर ती मुलं कुठून निवडली होती, हे आधी बघा.

कोणत्या बाईटशी दातांच्या दोषांचा संबंध सगळ्यात पक्का आहे?

क्लास टू डिव्हिजन टू. वरचा बाजूचा (मधल्या दाताच्या शेजारचा) पटाशीचा दात बारीक किंवा गायब असणं आणि सुळा टाळूच्या बाजूला अडकणं, ही जोडी या बाईटमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडते, असं एकाहून जास्त अभ्यासांत दिसलं आहे. ही बाईट स्वतःही फार आनुवंशिक आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या एका अभ्यासात, तपासलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या प्रत्येक जोडीत दोघांचीही बाईट हीच होती. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्यांत मात्र बहुतेक वेळा एकालाच.

पुढे आलेल्या दातांच्या डिव्हिजन वनमध्ये असा ठाम संबंध दिसत नाही. तिथे अंगठा चोखणं, तोंडानं श्वास घेणं, खालच्या जबड्याची वाढ कमी पडणं ही कारणं पुढे असतात.

आणि क्लास थ्री? खालचा जबडा पुढे असलेल्यांचं काय?

इथे दोन गट वेगळे करावे लागतात. घराण्यात चालत आलेल्या पुढच्या हनुवटीचा दातांच्या दोषांशी फारसा संबंध नसतो. पण ज्यांचे बरेच दात जन्मतःच नाहीत, त्यांचा वरचा जबडा काहीसा छोटा, चेहऱ्याची खालची उंची कमी आणि पुढचे दात आत झुकलेले दिसतात. कल क्लास थ्रीकडे जातो. जितके दात कमी तितकं हे ठळक.

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांत दोन्ही एकत्र येतं. फटीच्या जागचा बाजूचा पटाशीचा दात अनेकदा नसतो, किंवा असला तर वेडावाकडा असतो. वरचा जबडाही नीट पुढे वाढत नाही. डाऊन सिंड्रोममध्येही दात कमी, दात लहान आणि क्लास थ्री हे त्रिकूट नेहमीचं.

मुलीचा एक दात ‘मुळातच नाही’ असं सांगितलं. हे दुर्मिळ आहे का?

मुळीच नाही. अक्कलदाढा सोडून द्या, त्या तर साधारण पाचातल्या एका माणसाला किमान एक कमीच असते. त्या वगळल्या तरी जगभरच्या अभ्यासांची सरासरी शंभरात सहाच्या आसपास येते. मुलींमध्ये मुलांपेक्षा थोडं जास्त. सगळ्यात जास्त वेळा नसते ती खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या दोन छोट्या दाढांपैकी मागची), मग वरचा बाजूचा पटाशीचा दात आणि वरची दुसरी उपदाढ.

एक सावधगिरी: दुसरी उपदाढ काही मुलांत फार उशिरा तयार होते. सातव्या वर्षीच्या एक्स-रेत ती दिसली नाही म्हणून लगेच ‘नाहीच’ असं ठरवू नका. नऊ-दहा वर्षांपर्यंत थांबून पुन्हा बघावं.

त्या जागी दुधाची दाढ अजून आहे. काढून टाकायची का?

घाई नको. खाली पक्की दाढ नसेल आणि दुधाच्या दाढेची मुळं शाबूत असतील, तर ती तिशीपर्यंत आणि त्यापुढेही टिकते. दोन गोष्टी मात्र दर सहा महिन्यांनी बघाव्या लागतात. मूळ झिजतंय का, आणि दाढ शेजारच्या दातांच्या पातळीपेक्षा खाली बसत चाललीय का. खाली बसणारी दाढ हाडाला चिकटलेली असते. बाकीचा जबडा वाढतो, ती तिथेच राहते, शेजारचे दात तिच्यावर कलतात. वाढत्या वयात हे वेगानं होत असेल तर ती काढणंच बरं.

वरचा बाजूचा दात नाही. फट बंद करायची की उघडी ठेवून नवा दात बसवायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर त्या दातापेक्षा बाईटवर जास्त अवलंबून असतं. दोषाचा आणि बाईटचा संबंध व्यवहारात खरा लागतो तो इथे.

वरचे दात पुढे आहेत, क्लास टू आहे किंवा खाली गर्दी असल्यामुळे दात काढावेच लागणार आहेत, अशा वेळी फट बंद करणं सोयीचं पडतं. सुळा पुढे आणून त्याला घासून, कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून बाजूच्या पटाशीच्या दाताचं रूप देतात, आणि त्याच्या जागी पहिली उपदाढ काम करते. फायदा मोठा आहे: आयुष्यभर स्वतःचेच दात, नंतर काही बसवायची गरज नाही. अडचण सुळ्याच्या अंगकाठीची. तो जाड असतो, जास्त पिवळसर असतो, हिरडीची रेषही वर असते. डॉक्टरांनी मन लावून काम केलं नाही तर हसताना ‘काहीतरी वेगळं’ वाटत राहतं.

क्लास वन आहे, गर्दी नाही, चेहऱ्याची बाजूनं दिसणारी ठेवण आधीच सपाट आहे, किंवा क्लास थ्रीकडे कल आहे, तिथे फट बंद करायला वरचे दात मागे ओढले तर चेहरा आणखी आत जातो. अशांनी जागा उघडून तिथे दात बसवावा.

पण इम्प्लांट (हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) वाढ पूर्ण झाल्याशिवाय नको. इम्प्लांट हाडात घट्ट असतो, शेजारचे दात वाढीबरोबर खाली येत राहतात आणि तो वरच अडकल्यासारखा दिसतो. मुलींत साधारण सतरा-अठरा, मुलांत वीस-एकवीस वर्षांच्या आत विषय काढू नये, आणि तेव्हाही वाढ थांबल्याची खात्री करूनच. मधल्या काळात शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला ब्रिज किंवा रिटेनरवरच (तार काढल्यावर दात जागेवर ठेवणाऱ्या साच्यावर) बसवलेला दात चालतो. लग्न ठरलंय म्हणून सोळाव्या वर्षी इम्प्लांट मागणारे पालक भेटतात. लग्नाचं वय आणि इम्प्लांटचं वय, दोन्हीसाठी उत्तर ‘थांबा’ हेच.

मुलाचा बाजूचा दात खुंटीसारखा बारीक आहे. तार लावून सरळ होईल ना?

सरळ होईल, पण मोठा होणार नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचं एकमेकांशी प्रमाण जमावं लागतं. १९५८ मध्ये वेन बोल्टन यांनी उत्तम बाईट असलेल्या ५५ जणांचे दात मोजून ते काढलं. पुढच्या सहा दातांपुरतं बोलायचं तर खालच्या सहांची बेरीज वरच्या सहांच्या ७७.२ टक्के असावी.

आकडे घालून बघू. वरच्या सहा दातांची बेरीज ४८ मिलिमीटर आणि खालच्यांची ३७ असेल तर प्रमाण ७७.१, म्हणजे छान. आता वरचे दोन्ही बाजूचे दात दीड-दीड मिलिमीटरनं बारीक धरा. वरची बेरीज ४५ होते आणि प्रमाण ८२ च्या पुढे जातं. वरच्या ४५ ला शोभतील असे खालचे दात ३४.७ हवेत, आहेत ३७. हे दोन-सव्वादोन मिलिमीटर कुठेतरी दिसणारच: वर फटी राहतील, किंवा खालचे दात वाकडे राहतील, किंवा दाढा नीट बसणार नाहीत. तार कितीही ओढली तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून शहाणा डॉक्टर सुरुवातीलाच ठरवतो की बारीक दाताच्या दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची, आणि तार निघाल्यावर तिथे कंपोझिट किंवा व्हिनिअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण) लावून दात भरून घेतो. तार लावण्याआधी हा हिशेब तुम्हाला कागदावर दाखवला गेला नसेल तर मागा.

‘सुळा अडकलाय’ म्हणजे काय? सुळ्याचं एवढं काय घेऊन बसलात?

वरचा सुळा सगळ्यात वरून, सगळ्यात लांबचा प्रवास करून येतो, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी. उतरताना तो बाजूच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला चाटून खाली येतो. तो दात नसला किंवा बारीक असला तर काहींच्या मते सुळ्याची वाट चुकते. दुसरे म्हणतात, बारीक दात आणि अडकलेला सुळा ही एकाच जनुकीय गोष्टीची दोन रूपं. हा वाद १९९० च्या दशकापासून चालू आहे, आणि खुर्चीत बसलेल्या मुलासाठी दोन्हींचा अर्थ एकच: बारीक दात दिसला की सुळ्याकडे बघा.

साधारण शंभरात एक-दोन जणांत सुळा अडकतो. युरोपीय लोकांवरच्या अभ्यासांत त्यातले बहुतेक टाळूच्या बाजूला सापडतात. दुखत नाही, सूज नाही, म्हणून लक्षात येत नाही. आणि तेवढ्यात तो शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो.

घरच्या घरी काय करता येईल? नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूनं बोट फिरवा. दोन्हीकडे एक फुगीर गाठ लागली पाहिजे. एकीकडे लागते आणि दुसरीकडे नाही, किंवा दहा उलटून गेल्यावरही कुठेच नाही, तर एक्स-रे काढा.

वेळेत कळलं तर उपाय आश्चर्य वाटावं इतका साधा आहे: दुधाचा सुळा काढणं. स्वीडनमध्ये एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये १० ते १३ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ नुसता दुधाचा सुळा काढल्यावर आपल्या वाटेला लागले. सुळा बाजूच्या दाताच्या मधल्या रेषेपलीकडे गेलेला नसेल तर यश ९१ टक्के, पलीकडे गेला असेल तर ६४. वरच्या ओळीत जागा असलेल्या मुलांची ही गोष्ट आहे, दाटीवाटी असेल तर आधी जागा करावी लागते.

उशीर झाला तर हिरडी उघडून सुळ्याला साखळी चिकटवून हळूहळू ओढावा लागतो. उपचार कित्येक महिन्यांनी लांबतो, खर्चही वाढतो.

पुढच्या दोन दातांत फट आहे, एक दात आलाच नाही. वाट बघू?

एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा आला नाही, तर वाट बघणं थांबवा. वरच्या मधल्या दातांच्या बाबतीत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मध्यरेषेजवळ दडलेला जास्तीचा दात. जास्तीच्या दातांत हाच सगळ्यात जास्त आढळतो, आणि मुलींपेक्षा मुलांत साधारण दुप्पट. तो काढला आणि जागा असली की अडकलेला दात बरेचदा स्वतःहून उतरतो.

जास्तीचे दात एक-दोन नव्हे तर ढीगभर असतील तर गोष्ट वेगळी. क्लायडोक्रेनियल डिस्प्लेजिया नावाच्या आजारात असं होतं, गळ्याखालची आडवी हाडंही (कॉलरबोन) अर्धवट असतात आणि दोन्ही खांदे छातीसमोर जवळ आणता येतात.

खालचे दुधाचे दात पडले नाहीत आणि मागून दुसरी ओळ आली. हा दोष आहे का?

सहाव्या-सातव्या वर्षी हे सर्रास होतं. दुधाचा दात हलत असेल तर पडू द्या, हलत नसेल तर काढून घ्या. जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते.

बाळाचा वरचा दात आधी आला. आजी म्हणते मामाला जड, बाईटवर काही परिणाम?

मामावरही नाही, बाईटवरही नाही.

अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते म्हणून ते वाकडे होतात, खरं?

तार काढल्यावर रिटेनर न घालणाऱ्यांचा हा आवडता आरोप. पुरावा याला पाठिंबा देत नाही. अक्कलदाढा जन्मतःच नसलेल्यांचेही खालचे दात वयानुसार दाटतात. दुखते, सडते, शेजारच्या दाढेला खाते म्हणून अक्कलदाढ काढा. गर्दीच्या भीतीनं नको.

एवढ्या लहान मुलाचा ओपीजी काढायचा? किरणांचं काय?

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांतले सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे. त्याचे किरण काही दिवसांत निसर्गातून आपसूक मिळणाऱ्या किरणांइतके असतात. कारण असेल तर काढायलाच हवा, कारण दात मोजायचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन मात्र सरसकट नको. अडकलेला सुळा कुठल्या मुळाला टेकलाय हे बघायचं असेल, तर जरूर.

एका मुलात दोष सापडला. धाकट्यालाही दाखवावं का?

हो, आणि स्वतःच्या तोंडातही बघा. आईचे बाजूचे दात बारीक आणि मुलाचा सुळा अडकलेला, अशा जोड्या नेहमी भेटतात. अमेरिकेतली ऑर्थोडोंटिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्या असं सांगते, ती आपल्याकडेही पाळण्यासारखी आहे. म्हणजे सातव्या वर्षी तार असं नव्हे.

सहा किंवा त्याहून जास्त दात नसतील तर दाताच्या डॉक्टरांवर थांबू नका. केस विरळ, घाम येत नाही, दात सुळकेदार, असं मूल विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तापानं फणफणतं आणि कारण कळत नाही. एक्टोडर्मल डिस्प्लेजियाची ही लक्षणं आहेत, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ॲक्सिन-२ जनुकातला बदल फिनलंडमधल्या एका कुटुंबात दात कमी असणं आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग अशा दोन्हींशी जोडलेला सापडला होता. घरात तसा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एखाददुसरा दात कमी असलेल्यांनी मात्र यावरून घाबरून जाऊ नये.

आमच्या भागातल्या पाण्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. तार लागेल का?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी दात घडण्याच्या वयात पोटात गेलं की एनॅमल बिघडतं.

या डागांनी बाईट बिघडत नाही, पण तारेचं काम अवघड होतं. अशा एनॅमलवर ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) नीट चिकटत नाही, पुन्हा पुन्हा सुटतं, आणि तार काढताना एनॅमलचा कपचा निघायची भीती असते. डॉक्टरांना आधीच सांगा. ॲसिड लावायचा वेळ, चिकटवण्याचं द्रव्य, दाढांना ब्रॅकेटऐवजी बँड (दाढेभोवतीचं कडं), हे सगळं त्यानुसार बदलता येतं.

या सगळ्याला अलायनर चालतील का?

अलायनर म्हणजे तारेऐवजी वापरायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. बारीक दातासाठी जागा करायला चालतात. हाडात अडकलेला सुळा ओढायला एकट्या अलायनरवर विसंबणं मला पटत नाही, तिथे तार लागतेच. घरपोच येणाऱ्या, एक्स-रे न काढता सुरू होणाऱ्या अलायनरपासून तर लांबच राहा. दात किती आहेत हे न मोजताच ते हलवायला घेतात.

खर्च झेपणार नाही. कुठे जावं?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. तिथे ऑर्थोडोंटिक्सचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग लागते, तारखा लांबच्या मिळतात. म्हणून मूल नऊ-दहाचं असतानाच नाव घाला. खाजगीत जाणार असाल तर डॉक्टर ऑर्थोडोंटिक्समध्ये एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहेत ना, एवढं विचारायला लाजू नका. जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या. दोन वर्षांपूर्वीच्या ओपीजीत सुळा कुठे होता हे दिसलं, तर तो कुठे निघालाय ते कळतं.